कॅन्सरला पत्ता विचारणारा डॉक्टर

वाशिम जिल्ह्यात दरवर्षी किती जणांना कॅन्सर होतो?

प्रश्न साधा आहे. मोबाइल काढा आणि शोधा. जिल्ह्यात पाऊस किती पडला ते मिळेल, सोयाबीनचा पेरा किती झाला तेही मिळेल. कॅन्सरचा आकडा मुंबईचा मिळेल, नागपूरचा मिळेल, वर्ध्याचाही मिळेल. देशाच्या कॅन्सर अहवालात वाशिमचा मात्र सापडणार नाही. आपल्याकडे कॅन्सर होत नाही म्हणून नाही, तर आपल्याकडे तो कुणी मोजत नाही म्हणून.

आणि मोजायचं म्हणजे तरी काय? हॉस्पिटलात आलेले पेशंट मोजले की झालं? नाही होत. हे कसं, ते समजून घ्यायचं असेल तर एका मराठी डॉक्टरची गोष्ट वाचायला हवी. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. मेडिकलला जाणाऱ्यांनी हे नाव कदाचित ऐकलं असेल, कारण भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना ओळखलं जातं. बाकीच्यांसाठी ही ओळख.

लंडनहून मुंबईला

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५चा. डॉक्टर होऊन त्यांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीत एमडी केलं. पॅथॉलॉजी म्हणजे आजार नेमका कोणता आणि तो शरीरात काय करतो, हे तपासण्याचं शास्त्र. आपण ज्याला बायोप्सीचा रिपोर्ट म्हणतो, तो पॅथॉलॉजिस्ट देतो. गाठीचा छोटासा तुकडा काढायचा, त्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ही गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे तिथे ठरतं.

पेशंटला हा डॉक्टर सहसा दिसतच नाही. नाडी बघणारा वेगळा, ऑपरेशन करणारा वेगळा. पण सगळ्या पेशंटचे तुकडे येऊन पोचतात ते याच्याच टेबलावर. त्यामुळे कुठला आजार कुणाला आणि शरीरात कुठे होतोय, याचं मोठं चित्र ज्या माणसाला दिसू शकतं, तो हाच. अट एकच, त्याने काचेवरून नजर उचलून पेशंटकडेही बघायला हवं. खानोलकरांनी ते केलं.

मुंबईतल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. त्या काळात एक समज पक्का होता की कॅन्सर हा युरोप-अमेरिकेतला आजार, भारतात तो फारसा नाही. वरवर बघितलं तर हे खरंही वाटायचं. त्या वेळी भारतातलं सरासरी आयुष्यच तिशीच्या आसपास होतं. प्लेग, मलेरिया, क्षय, बाळंतपण यांतच माणसं जायची. कॅन्सर बहुतेक वेळा उतारवयात होतो आणि त्या वयापर्यंत पोचणारेच कमी होते. जे पोचायचे, त्यांच्यातलेही कित्येक जण निदान न होताच घरी जायचे. त्यांची मोजणी कुठेच नव्हती. मोजलं नाही म्हणून दिसलं नाही आणि दिसलं नाही म्हणून आजार नाही, असं ते गणित होतं.

एक हजार पेशंट, एकही न गाळता

२८ फेब्रुवारी १९४१ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या होत्या. त्यानंतर सर दोराबजी टाटांच्या ट्रस्टने हे हॉस्पिटल उभारलं. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडे आली.

फक्त कॅन्सरसाठीचं हॉस्पिटल म्हटल्यावर देशभरातून पेशंट यायला लागले. खानोलकरांनी तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट मोजायला घेतले. १९४४ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार पेशंटचा आढावा.

यातला सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. डॉक्टरांच्या लक्षात कोण राहतं? वेगळी, दुर्मीळ, अवघड केस. तेवढ्याच केस निवडून लिहिलं तर चित्र वाकडं येतं. सलग एक हजार म्हणजे जो येईल तो घ्यायचा. साधी केस, किचकट केस, गरीब, श्रीमंत, कुणालाही गाळायचं नाही. आज डेटा सायन्स शिकणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात सांगतात की सॅम्पल निवडताना आपली आवडनिवड मध्ये आणू नका. खानोलकर हे ऐंशी वर्षांपूर्वी करत होते, तेही हाताने लिहिलेल्या कागदांवर.

तीन सवयी, शरीरातल्या तीन जागा

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, खानोलकर आणि त्यांच्या सहकारी बी. सूर्याबाई यांनी आणखी एक निबंध लिहिला. विषय होता माणसांच्या सवयी आणि कॅन्सरचं नातं. त्यात भारतातले तीन प्रकार त्यांनी मांडले.

पहिला खैनीचा. तंबाखू आणि चुना तळहातावर मळायचा आणि खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवायचा. बिहारकडच्या लोकांमध्ये ही सवय होती. कॅन्सर कुठे होत होता? बरोबर तिथेच, जिथे ती गोळी ठेवली जायची.

दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणमच्या बाजूला, जाडसर चिरूट ओढायची पद्धत होती. कित्येक जण, विशेषतः बायका, त्याचं पेटतं टोक तोंडात ठेवून ओढायचे. तिथे कॅन्सर व्हायचा टाळूला.

तिसरा धोतराचा. धोतर वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधून त्वचेवर एकाच जागी घासत राहायचं. काही जणांना नेमका त्याच पट्ट्यात त्वचेचा कॅन्सर झालेला दिसला.

म्हणजे कॅन्सर कुठेही, कसाही, नशिबात होता म्हणून होतो, असं नव्हतं. शरीरातल्या जागेवरून माणसाची सवय कळत होती आणि सवयीवरून त्याचा मुलूख. खानोलकर पेशंटला फक्त काय होतंय एवढंच विचारून थांबले नाहीत. तुम्ही कुठले, काय खाता, काय चघळता, कसं ओढता, हेही विचारलं गेलं. एका अर्थाने त्यांनी कॅन्सरला त्याचा पत्ता विचारला.

तुलना कुणाशी?

पण इथे एक अडचण होती आणि ती मोठी होती.

समजा, तोंडाच्या कॅन्सरचे शंभर पेशंट आहेत आणि त्यातले सत्तर तंबाखू खातात. तंबाखूने कॅन्सर होतो हे सिद्ध झालं का? थांबा. त्या गावात सगळेच लोक शंभरात सत्तर या प्रमाणात तंबाखू खात असतील तर? मग या सत्तरमध्ये विशेष काहीच नाही. म्हणजे ज्यांना कॅन्सर नाही, त्यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा.

१९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कॅन्सर आणि सिगारेट यांच्याबाबत हेच केलं होतं. आपल्याकडे एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी तंबाखू चघळणं आणि ओढणं या दोन्हींचा अभ्यास याच पद्धतीने केला. कॅन्सर असलेले आणि नसलेले अशा दोन्ही गटांच्या सवयी त्यांनी तपासल्या. १९५५ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. चघळण्याचं नातं मुख्यतः तोंडाच्या कॅन्सरशी, तर विडी ओढण्याचं घशाच्या बाजूच्या कॅन्सरशी दिसलं.

तोवर खानोलकरांनी एक संस्थाही उभी केली होती. १९५२ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं आणि ते तिचे पहिले संचालक झाले. त्यांचं एक वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी वेगवेगळ्या विषयांतली तरुण माणसं गोळा केली. डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएचडी केली आणि पुढे याच संस्थेत देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचं काम उभं केलं. १९५०च्या दशकात प्रयोगशाळेत बायका नेतृत्व करत होत्या, हेही लक्षात ठेवण्यासारखं. खानोलकर स्वतः कुष्ठरोगावरही संशोधन करत होते. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणही त्यांना मिळालं.

शहराची वही

पण एक प्रश्न अजून उरलाच होता. हॉस्पिटलातले पेशंट कितीही काटेकोर मोजले, तरी ते हॉस्पिटलात पोचलेले पेशंट असतात. जे पोचलेच नाहीत, त्यांचं काय? आणि जे आले, ते किती लोकांमधून आले?

एक उदाहरण घेऊ. एका कॉलेजात २० मुलांना डेंग्यू झाला, दुसऱ्याही कॉलेजात २० जणांनाच झाला. दोन्हीकडे सारखीच साथ आहे का? पहिल्या कॉलेजात ५०० मुलं असतील आणि दुसऱ्यात ५,००० असतील, तर उत्तर पार बदलतं. भागाकार करायचा तर खालची संख्या पाहिजे. हॉस्पिटलच्या फायलीत वरची संख्या असते, खालची नसते.

ही खालची संख्या आणते ती कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरची नोंदवही. आधी एक भूभाग ठरवायचा, शहर किंवा जिल्हा. जनगणनेवरून तिथली लोकसंख्या माहीत असते. मग त्या भागात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा कॅन्सर नोंदवायचा, तो उपचाराला कुठेही गेलेला असो. जर्मनीत हॅम्बुर्गने १९२०च्या दशकात हे काम सुरू केलं, डेन्मार्कने १९४२ पासून अख्ख्या देशाची नोंद ठेवली.

भारतात अशी पहिली नोंदवही १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ती खानोलकरांनी नाही, तर इंडियन कॅन्सर सोसायटीने आणि तिचे संस्थापक, टाटा मेमोरियलचे सर्जन डॉ. डी. जे. जस्सावाला यांनी सुरू केली. खानोलकरांनी काचेच्या पट्टीवरून सुरू केलेलं मोजणं आता अख्ख्या शहरापर्यंत पोचलं होतं.

हे काम चालतं कसं? रजिस्ट्रीची माणसं रिपोर्ट येण्याची वाट बघत बसत नाहीत. ती सरकारी आणि खासगी हॉस्पिटलात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रेडिएशन विभागात जाऊन फायली बघतात. महापालिकेच्या मृत्यू नोंदीही तपासतात. पेशंटचं नाव, वय, पत्ता, कॅन्सरची जागा, बायोप्सीत काय आलं, सगळं एका ठरावीक कोडमध्ये उतरवतात. एकच पेशंट तीन हॉस्पिटलांत गेला असेल, तर तो तीनदा मोजला जाऊ नये म्हणून नोंदी जुळवून बघतात. नावं गुप्त राहतात, बाहेर येतात ते फक्त आकडे.

मग दर काढतात, एक लाख लोकांमागे वर्षाला किती नवे पेशंट. त्यातही वयाचा हिशोब करावा लागतो. एका जिल्ह्यात म्हातारी माणसं जास्त आणि दुसऱ्यात तरुण जास्त असतील, तर थेट तुलना चुकते. म्हणून सगळ्यांचं वय एकाच मापाला आणून दर मांडतात. हे केल्यावरच मुंबईची तुलना लंडनशी किंवा बार्शीची तुलना मुंबईशी करता येते. जगभरच्या रजिस्ट्रींच्या आकड्यांचा एक मोठा ग्रंथ निघतो. १९७०च्या दुसऱ्या खंडापासून त्यात मुंबई आहे.

अशी वही वर्षानुवर्षं चालली की तिच्यातून बदल दिसायला लागतात. मुंबईत बायकांमध्ये एकेकाळी गर्भाशयमुखाचा कॅन्सर सगळ्यात जास्त होता. तो कमी होत गेला आणि स्तनाचा कॅन्सर वाढत जाऊन पहिल्या नंबरवर आला. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हेही नोंदींतून पुढे आलं. एका डॉक्टरला त्याच्या ओपीडीत बसून हे कळलं नसतं.

मुंबईनंतर पुणे आणि औरंगाबाद, मग १९८० मध्ये नागपूर अशा नोंदवह्या सुरू झाल्या. १९८१-८२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि मुंबईबरोबर बंगळुरू, चेन्नई जोडली गेली.

गावात वही नेली तेव्हा

शहरात हॉस्पिटलं असतात, फायली असतात. खेड्यात काय करायचं? उत्तर महाराष्ट्रातूनच आलं. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावं तिच्यात होती. इथे फायली बघून भागणार नव्हतं. रजिस्ट्रीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावली आणि संशय वाटला त्यांना हॉस्पिटलात आणलं. म्हणजे नोंद करता करता उपचाराचा रस्ताही तयार झाला.

आणि या वहीच्या जोरावर एक मोठं संशोधन झालं. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा एक अभ्यास सुरू झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी कामाची, हे बघायचं होतं. कोणाला पुढे कॅन्सर झाला, कोण दगावलं, हे वर्षानुवर्षं कळायला हवं होतं आणि नोंदवही असल्याशिवाय ते अशक्य होतं. २००९ मध्ये निष्कर्ष आला की आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरात या निकालाची दखल घेतली गेली. ज्या गावांत तुलनेसाठी तपासणी केली नाही, तिथल्या बायकांवर अन्याय झाला का, हा वादही झाला. तो प्रश्नही खराच आहे. संशोधनात आकड्यामागे माणूस असतो, हे विसरून चालत नाही.

आपण कुठे?

आता पुन्हा वाशिमकडे येऊ. २०११च्या जनगणनेनुसार आपली लोकसंख्या सुमारे १२ लाख. राष्ट्रीय कार्यक्रमाचा २०२०चा अहवाल लोकसंख्येवर आधारलेल्या २८ नोंदवह्यांवरून तयार झाला. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, बार्शी, वर्धा आणि उस्मानाबाद-बीड आहेत. वाशिम नाही.

मग आपला पेशंट कुठे जातो? समृद्धीवरून नागपूरला, नाहीतर अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा थेट परळ. उपचार तिथे होतात, फाइल तिथे बनते. पण नागपूरची नोंदवही नागपूरच्या रहिवाशांची असते. किमान एक वर्ष तिथे राहणाराच त्या दरात धरतात. रिसोडचा किंवा मानोऱ्याचा माणूस हॉस्पिटलच्या फायलीत असतो, पण नागपूरच्या दरात नसतो आणि वाशिमची वहीच नाही. तो कुठल्याच भागाकारात येत नाही.

याने काय बिघडतं? कुठल्या तालुक्यात तोंडाचा कॅन्सर जास्त, कोणत्या वयात तो होतोय, तपासणी शिबिर आधी कुठे घ्यायचं, हे अंदाजाने ठरतं. वाशिम देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. आकडे बघून प्रगती ठरवायची, हीच त्या योजनेची रीत. पण कॅन्सरच्या बाबतीत बघायला आकडाच नाही.

आणि विदर्भात खर्रा आहे. प्लॅस्टिकमध्ये सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला, कॉलेजच्या वयातच तोंडात जाणारा. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली, खर्रा मात्र टपरीवर ताजा घोटून मिळतो. २०१६-१७च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जवळपास एक चतुर्थांश प्रौढ धूर नसलेला तंबाखू खात होते. तंबाखू सोडून फक्त सुपारी खाल्ली तर चालते, असं कुणी सांगत असेल तर तेही चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवलं. सुपारीने आधी तोंड कमी उघडायला लागतं. आपल्या ग्रुपमध्ये कुणाला तीन बोटं उभी तोंडात घालता येत नसतील, तर त्याला दंतवैद्याकडे पाठवा.

कॅन्सर व्हायला कित्येकदा वीस-वीस वर्षं लागतात. म्हणजे आज टपरीवर जे खाल्लं जातंय, ते २०४०च्या दशकातल्या नोंदवहीत दिसेल. तोवर आपल्या जिल्ह्याची वही असेल का, हा प्रश्न आहे.

हे काम फक्त डॉक्टरांचं नाही, हे बार्शीने दाखवलंय. रजिस्ट्रीत समाजकार्य शिकलेले लागतात, संख्याशास्त्रवाले लागतात, कॉम्प्युटरवाले लागतात, गावात जाऊन नीट बोलता येणारे लागतात. बीएससी, एमएसडब्ल्यू, बीसीए करणाऱ्यांनी ही वाट डोक्यात ठेवायला हरकत नाही. वर्ध्याची नोंदवही सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात चालते. वर्धा आपल्यापासून काही फार लांब नाही.

डॉ. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ला गेले. त्यांनी उभी केलेली संस्था १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आज नवी मुंबईत खारघरला तिचं काम चालतं. त्यांच्या निबंधांचे दाखले तोंडाच्या कॅन्सरवरच्या अभ्यासांत आजही दिले जातात.

नोंदवही कधी येईल ती येईल. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला घेऊन नागपूर-मुंबईला गेलात, तर केसपेपरवर सोयीसाठी तिथल्या नातेवाइकाचा पत्ता देऊ नका. आपलं गाव, तालुका, जिल्हा आणि तिथे किती वर्षं राहतो ते नीट लिहा. तंबाखू-सुपारी किती वर्षं खाल्ली हे विचारलं तर लाजू नका, खरं सांगा. उद्या कुणी वाशिमचा आकडा काढायला बसलाच, तर त्याला आपला माणूस सापडायला हवा.